वाह्यात गाणी आणि वडिलांचे नाव

पत्र (संक्षिप्त)

आदरणीय ताई,

मी 23 वर्षांचा असून सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात आई-वडिलांसोबत राहतो. वाढदिवस, शाळांची स्नेहसंमेलने आणि गणपतीतले कार्यक्रम यांत लहान मुलांसाठी विनोदी गाणी म्हणतो. शब्द माझे, चालीही माझ्याच. आता नऊ गाण्यांचा अल्बम तयार होत आला आहे. त्यात वर्गात घोरणारे सर आहेत, पाहुण्यांसमोर पादणारा छोटू आहे, बाप्पाकडे मोदकांचा वाटा मागणारा उंदीर आहे आणि नळाला पाणी आल्यावर आमच्या घरात उडणारी धांदल आहे. एक गाणे जाड्या मुलावर आहे आणि एक तेलुगू वळणाचे मराठी बोलणाऱ्या मित्रावर. मुले पोट धरून हसतात, मोठ्यांचे चेहरे मात्र पडतात. वडील भजनी मंडळात पेटी वाजवतात. या थिल्लरपणावर आपले नाव लागता कामा नये, असे त्यांनी बजावले आहे. एका शाळेने सरांचे गाणे ऐकून संमेलनाचे आमंत्रण मागे घेतले. मामा स्टुडिओचा खर्च द्यायला तयार आहेत, पण अल्बमच्या शेवटी तीन संस्कारगीते घालावीत अशी त्यांची अट आहे. मित्र म्हणतो, दोन गाणी गाजलेल्या सिनेगीतांच्या चालींवर बसव. एका कंपनीने सगळे हक्क एकरकमी मागितले आहेत. मी काय करावे? लहान मुलांपुढे असली गाणी म्हणणे चूक आहे का?

— एक आगाऊ गायक

उत्तर

तुम्ही पत्रासोबत पाठवलेली सगळी गाणी मी ऐकली आणि त्यांचे शब्दही वाचले. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते : चूक नाही. सात गाणी किरकोळ डागडुजी करून अल्बममध्ये राहावीत आणि दोन गाणी आजच्या रूपात मुळीच बाहेर जाऊ नयेत, असे माझे मत आहे. ती दोन कोणती, याबाबत मात्र तुमचे वडील, ती शाळा आणि मी यांचे एकमत होणार नाही. वडिलांना छोटू खटकतो, शाळेला सर खटकतात. मला जाड्या मुलाचे आणि तेलुगू मित्राचे गाणे खटकते.

घोरणाऱ्या सरांवर तुम्ही कितीही कडवी रचलीत, तरी दुसऱ्या दिवशी हजेरीपट सरांच्याच हातात असतो, गुणही तेच देतात आणि वर्गाबाहेर उभे करण्याचा अधिकारही त्यांचाच असतो. दिवसभर मोठ्यांच्या आज्ञेत वावरणाऱ्या मुलांना तीन मिनिटे त्या अधिकाऱ्याला झोपलेला, लाळ गाळणारा आणि घंटेने दचकणारा पाहू देण्यात कोणाचे काही बिघडत नाही. जाड्या मुलाची गोष्ट तशी नाही. पन्नास मुलांच्या वर्गात असा मुलगा बहुधा असतोच, आणि तुमच्या ध्रुवपदातला तो शब्द इतका तोंडात बसणारा आहे की सोमवारी गाणे पोचले तर मंगळवारी त्या मुलाचे पाळण्यातले नाव संपले म्हणून समजा. तुम्ही गावाला निघून जाल, गाणे वर्गात राहील. म्हणून प्रत्येक गाण्याला एकच प्रश्न विचारा : हे गाणे शाळेत पोचल्यानंतर कोणत्या मुलाला नवे टोपणनाव चिकटेल? उत्तरादाखल एखाद्या खऱ्या मुलाचा चेहरा डोळ्यांसमोर आला, तर ते गाणे पुन्हा लिहायला घ्या.

पुन्हा लिहा म्हणते आहे, फेकून द्या म्हणत नाही, कारण त्या गाण्याची चाल अल्बममधली सर्वांत चांगली आहे. आत्ता तुमचा जाड्या मुलगा गाण्यात एक अक्षरही बोलत नाही. तो खातो, पडतो, खुर्ची मोडतो आणि बाकीचे हसतात. गाणे त्याच्याच तोंडी द्या. बागेतल्या सी-सॉच्या एका टोकाला तो बसला आहे, दुसऱ्या टोकाला मुख्याध्यापक वर अधांतरी लटकले आहेत आणि हा खालून एकेक अट घालतो आहे : आधी गृहपाठ माफ करा, मग कवायत रद्द करा, मग डब्यात रोज वडापाव आणायची परवानगी द्या. मुले तेवढीच हसतील, किंबहुना जास्तच, आणि वर्गातल्या त्या मुलाला दुसऱ्या दिवशी मागून गाणे ऐकू आले तर तो मान वळवून पाहू शकेल.

तेलुगू मित्राच्या गाण्याबद्दल तर मला सोलापूरकर म्हणूनच बोलले पाहिजे. हातमाग आणि यंत्रमागाच्या व्यवसायामुळे आपल्या पूर्व भागात पद्मशाली समाजाची मोठी वस्ती झाली, आणि आज तिथल्या कितीतरी मुलांची घरची भाषा तेलुगू, शाळेची मराठी आणि गल्लीतली या दोन्हींत कन्नड व दखनी मिसळून झालेली अशी असते. मराठी बोलताना शब्दाचे लिंग चुकले की त्या मुलांना वर्गात हसतात, हे तुम्हीही पाहिले असेल. तीन-चार भाषांत वावरणाऱ्या मुलाला एका भाषेत वावरणाऱ्याने हसावे, यात विनोद असलाच तर तो हसणाऱ्यावर आहे, आणि तोच तुम्ही लिहायला हवा. मराठी बोलणारा निवेदक मित्राच्या घरी गेला आहे. मित्राची आजी प्रेमाने विचारते, ‘पालु’ हवे का? तेलुगूत ते दूध; हा मात्र पाल ऐकतो आणि किंचाळत खाटेवर चढतो. मग चूक सुधारायला जातो आणि दुधाऐवजी ‘पामु’ मागून बसतो, म्हणजे साप. आता खाटेवर चढण्याची पाळी आजीची. हे गाणे पूर्व भागातल्या अशोक चौकातही म्हणता येईल आणि पलीकडे होटगी रोडवरही, आणि दोन्हीकडची मुले वेगवेगळ्या ठिकाणी आधी हसतील. तेलुगू शब्दांचे उच्चार मात्र त्या मित्राच्या आजीसमोर बसूनच पक्के करा.

उंदराच्या गाण्यावरून वडिलांनी देवाची टिंगल केल्याचा आरोप केला आहे, असे तुम्ही पुढे लिहिले आहे. तमाशातल्या गवळणीत मावशी कृष्णाला काय काय सुनावते आणि पेंद्या त्याच्यासमोर कसा तोंड उघडतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला तुमचा उंदीर फारच सभ्य वाटेल. संत एकनाथांच्या भारुडांत सोंगे आहेत, सासरच्यांची थट्टा आहे आणि हसता हसता बरेच काही आहे. हादग्याच्या गाण्यांत तर लहान मुलीच सासू-नणंदांचा समाचार घेतात आणि आयाबाया खिरापत वाटत ते ऐकून घेतात. सलगीची थट्टा आपल्याकडे नवी नाही. तुमचा उंदीर बाप्पाशी भांडतो आहे तो घरचा माणूस म्हणून, वर्षानुवर्षे ओझे वाहूनही आपल्याला मोदकाचा तुकडाच मिळतो म्हणून. त्यात कुचेष्टा कोठेही नाही. तरीही दोन पथ्ये पाळा. गणपती मंडळात हे गाणे म्हणण्यापूर्वी कार्यकर्त्यांना संपूर्ण ऐकवा, कारण मांडव त्यांचा आहे. आणि अशी सलगी आपल्याच देव्हाऱ्यापुरती ठेवा. दुसऱ्याच्या घरातल्या श्रद्धेवर मुलांचे गाणे रचायला तुम्ही बसू नका.

आता छोटूचे गाणे. पादण्यावर मुले हसतात, कायम हसत आली आहेत आणि त्यात बिघडण्यासारखे काही नाही. माझी तक्रार कारागिरीची आहे. तुम्ही तो शब्द पहिल्याच ओळीत वापरला आहे आणि पुढे जवळजवळ प्रत्येक ओळीत, त्यामुळे दुसऱ्या कडव्यापर्यंत त्याचा दारूगोळा संपतो आणि तिसऱ्या कडव्यात तुम्ही नुसते आवाज काढत बसता. असे करून पाहा की तुम्ही तो शब्द एकदाही उच्चारणार नाही. यमक असे बांधा की ओळीच्या शेवटी तोच शब्द येणार हे प्रत्येक मुलाला आधीच कळेल, आणि ऐन वेळी तुम्ही चेहरा साळसूद ठेवून ‘साद’, ‘नाद’, ‘दाद’ असे काहीतरी निरुपद्रवी म्हणून पुढे निघून जाल. मुले तो शब्द तुमच्यासाठी ओरडतील. गायक निर्दोष, सभागृह दोषी! अपेक्षित शब्द गिळून लोकांकडून वदवून घेण्याची ही युक्ती मुरलेले कलावंत करतात; ती मुलांच्या गाण्यात फार उत्तम बसते. यासाठी मात्रा काटेकोर लागतात. अर्थ नसलेल्या गाण्यात एखादी मात्रा घसरली तर ती सांभाळायला अर्थही नसतो, म्हणून बडबडगीत लिहिताना गंभीर कवितेपेक्षा जास्त शिस्त पाळावी लागते. तुमच्या सरांच्या गाण्यात दुसऱ्या कडव्याची तिसरी ओळ लंगडते आहे, तीही दुरुस्त करा.

पाण्याच्या गाण्याला हात लावू नका. उजनीचे धरण भरलेले असले तरी शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येणार, हे ज्या मुलांनी जन्मापासून पाहिले आहे, त्यांना रात्री अकराला पाणी आले म्हणून धावणारी आई, भरलेल्या बादल्या, कुकर, डबे आणि शेवटी दादाचे क्रिकेटचे हेल्मेट हे सारे सांगावेच लागत नाही. हे गाणे पुण्या-मुंबईच्या मुलांना कळेल का, या काळजीने तुम्ही त्यात बदल करायचे ठरवले असेल तर तो विचार सोडा.

मामांच्या अटीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. संस्कारगीते वाईट नसतात. काही फार गोड असतात. पण सहा-सात वर्षांचे मूल मोठ्यांचा डाव लगेच ओळखते. नऊ गाणी हसवून दहाव्या गाण्यात नखे कापायला सांगितली, की आधीच्या नऊ गाण्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो, कारण हा माणूसही शेवटी शाळेचाच निघाला असे त्याला वाटते. आपल्या बालसाहित्यात तात्पर्य शेपटासारखे लोंबत ठेवण्याची सवय फार जुनी आहे आणि मुलांनी ते वाचायचे सोडून देण्याची सवयही तितकीच जुनी. मामांना नम्रपणे सांगा की ती तीन गाणी तुम्ही त्यांच्यासाठी मनापासून वेगळी कराल, पण या अल्बममध्ये नाही. त्यांनी पैसे दिले नाहीत तर नऊऐवजी पाच गाणी करा. पेटी, ढोलकी, खंजिरी आणि एक चांगला मायक्रोफोन एवढ्यावर हे काम होऊ शकते. फक्त मे महिन्यात पंखा बंद ठेवून ध्वनिमुद्रण करायची तयारी हवी.

वडिलांच्या नावाचा प्रश्न मला सर्वांत नाजूक वाटतो आणि त्यात मी वडिलांच्या बाजूने आहे. आपल्याकडे मुलाच्या नावामागे वडिलांचे नाव लागते, म्हणून ते नाव तुमच्या मालकीचे होत नाही. ते त्यांचे आहे. भजनी मंडळात, गल्लीत, नातेवाइकांत त्यांनी ते सांभाळले आहे. ते अल्बमवर नको असे त्यांनी म्हटले असेल तर लावू नका आणि त्यावर वादही घालू नका. रंगमंचासाठी वेगळे नाव घ्या, पण ते लपण्यासाठी घेतल्यासारखे नको; पोस्टरवर चेहरा तुमचा असू द्या आणि घरात दर वेळी कार्यक्रमाला निघताना कुठे चाललो ते सांगत जा. त्यांनी अल्बम ऐकावा असा आग्रह करू नका. मात्र एखाद्या चालीत पेटीची जागा अडली असेल, तर ती त्यांना खरोखरच विचारा, कारण तुमच्या ध्वनिमुद्रणात पेटी सर्वांत कच्ची आहे आणि घरात वाजवणारे तेच आहेत. शब्द नापसंत असणारा माणूस चुकीचा सूर मात्र सहन करत नाही, असा माझा अनुभव आहे.

सोलापूरचे शाहीर राम जोशी यांचे थोरले बंधू पुराणिक होते आणि धाकटा भाऊ तमाशाच्या फडात रमतो म्हणून त्यांनी त्याला घराबाहेर काढले, अशी हकीकत सांगतात. आज शहर नाव घेते ते धाकट्याचे. ही गोष्ट तुमच्यापुरती ठेवा. वडिलांना ऐकवलीत तर महिनाभर अबोला ठरलेला.

शाळेचा राग धरू नका. आमंत्रण मागे घेण्याचा तिला अधिकार आहे, आणि तुमच्या गाण्यातले सर चष्मा कपाळावर ठेवून झोपतात व त्याच शाळेत तसे एक सर आहेत, हे तुम्हाला ठाऊक नव्हते असे मी धरून चालते. तो चष्मा काढून टाका. व्यवसायावर विनोद चालेल, ओळखू येणाऱ्या व्यक्तीवर नको. यापुढे शाळेला आधी गाण्यांची यादी आणि शब्द पाठवत जा.

मित्राचा सल्ला ऐकू नका. मंडळाच्या ऑर्केस्ट्रात सिनेगीताच्या चालीवर विडंबन खपून जाते, कारण कोणी विचारायला येत नाही; ऑनलाइन चढवलेले गाणे मात्र यंत्रच तपासते, आणि मग गाणे अडवले जाते किंवा त्याचे उत्पन्न मूळ मालकाकडे वळते. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने तेच गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित करण्यासाठी कायद्यानेच मिळणाऱ्या परवान्याची सोय केली आहे, पण ती मूळ ध्वनिमुद्रण झालेल्या वर्षानंतर पाच वर्षांनीच मिळते आणि त्यात मूळ रचनेत मनाजोगे फेरफार करता येत नाहीत, म्हणजे विडंबनाला तिचा उपयोग नाही. उधार चालच हवी असेल तर हादग्याच्या, पाळण्याच्या, वासुदेवाच्या पारंपरिक चाली कोणाच्याही मालकीच्या नाहीत. कंपनीने बाजारात आणलेले त्यांचे विशिष्ट ध्वनिमुद्रण किंवा संगीतसंयोजन तेवढे उचलू नका.

कंपनीच्या कागदावर ‘सर्व हक्क, सर्व माध्यमे, कायमचे’ असे लिहिले असेल तर सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवा. त्याच कायद्यानुसार करारात मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांचे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते धरले जाते; म्हणूनच ती माणसे हे दोन्ही शब्द न विसरता घालतात. 2012 नंतर गीतकार आणि संगीतकार म्हणून रॉयल्टीतला तुमचा समान वाटा सोडून देण्याचा करारही चालत नाही, आणि तुम्ही दोन्ही आहात. ही रॉयल्टी गोळा करणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सभासद व्हा. माझे ऐकाल तर गाणी स्वतःच प्रसिद्ध करा आणि कंपनीला ठरावीक मुदतीचा परवाना तेवढा द्या.

कोरससाठी सोसायटीतली मुले घेतली आहेत, असे दिसते. ती छान ओरडली आहेत, पण सगळी गाणी तुमच्या सोयीच्या पट्टीत आहेत आणि खालच्या सुरांवर मुलांचा आवाज नाहीसा होतो. पट्टी थोडी वर घ्या आणि चाल पाच-सहा सुरांच्या आत ठेवा, म्हणजे ऐकणारे मूलही सोबत म्हणू शकेल. चित्रीकरण करून त्यातून पैसे मिळवणार असाल, तर 14 वर्षांखालील मुलांच्या सहभागासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि मुलाच्या कमाईतील किमान 20 टक्के रक्कम त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकावी लागते. पालकांची संमती लेखी घ्या आणि मुलांच्या शाळेची नावे कोठेही येऊ देऊ नका.

यूट्यूबवर 2020 पासून मुलांसाठीचे चलचित्र तसे जाहीर करावे लागते. मग प्रतिक्रिया बंद होतात आणि पाहणाऱ्याच्या सवयींनुसार जाहिराती दाखवल्या जात नाहीत, म्हणून उत्पन्नही घटते. ते चुकवण्यासाठी गाणी मोठ्यांची आहेत असे भासवू नका. तुमची खरी कमाई वाढदिवसांची आणि कार्यक्रमांचीच राहील, तेव्हा अल्बमकडे त्या कार्यक्रमांची जाहिरात म्हणून पाहा आणि खर्चाचा हिशेबही तसाच मांडा.

अल्बम फेब्रुवारीत आणण्याचा तुमचा बेत आहे, तो बदला. संक्रांतीचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, तेव्हा आटोपलेला असेल, होम मैदानावरून पाळणे हललेले असतील आणि घराघरांत परीक्षेचे वातावरण सुरू होईल. त्या दिवसांत एकही आई छोटूचे गाणे घरात वाजू देणार नाही. वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर संपेल त्या आठवड्यात पहिले गाणे येऊ द्या, आणि ते सरांचे असू द्या.